भागीदारीतील तिसरा पक्ष



संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील अखेरचे उद्दिष्ट भागीदारीचे. विद्यापीठे आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यातील करारांना त्यामुळे मोठीच प्रतिष्ठा लाभली. परंतु करारावर सह्या करणाऱ्या दोघांखेरीज एक तिसराही पक्ष असतो. ज्याच्या जमिनीवर, पाण्यावर आणि श्रमावर त्या कराराचा अंमल व्हायचा, तो हा पक्ष. त्याचे स्थान कोणते, हे पाहिल्यावाचून भागीदारीचे मोल ठरत नाही. इंडोनेशियाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्या देशात १९६५-६६ साली लष्कराच्या पुढाकाराने लाखो माणसांची कत्तल झाली आणि डाव्या शेतकरी संघटनेचा नायनाट करण्यात आला. पुढे सुहार्तो राजवटीने भात उत्पादनाची मोहीम वरून राबवली. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची वाणे, रासायनिक खत, कीटकनाशक आणि कर्ज असा ठरीव संच गावोगाव पोहोचवला गेला. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. हे यश खरे होते. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र कीटकनाशकांच्या किमतीचा सुमारे ८० टक्के भार सरकारी तिजोरी उचलत असतानाही तपकिरी तुडतुडे जावातील भातशेती पुन्हापुन्हा उद्ध्वस्त करीत होते.

याचे मूळ फवारणीतच होते. तुडतुड्याची अंडी भाताच्या पर्णकोषात सुरक्षित राहतात. विषाने मरतात ते त्याला खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक. फिलिपाइन्समधील संशोधनाने हे दाखवून दिले होते. योग्यकर्ता येथील गजा मादा विद्यापीठातील कासुम्बोगो उंटुंग यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील तज्ज्ञ यांनी ते शासनासमोर मांडले. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि १९८९ पर्यंत अनुदानही संपुष्टात आले.

तथापि केवळ बंदीने शेतकरी स्वतंत्र होत नाही. म्हणून १९८९ पासून अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला बांधावर जमत, कीटक मोजत, त्यांची चित्रे काढत, वाद घालत आणि फवारणी करावयाची की नाही याचा निर्णय स्वतः घेत. ज्या राजवटीत खेडुताने फक्त हुकूम ऐकायचा, तेथे त्याने विज्ञानाच्या आधारे 'नको' म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक शेतकरी या शाळांतून शिकले.

पैसा मात्र प्रथम अमेरिकी मदतीचा आणि मागाहून जागतिक बँकेचा होता. १९९९ मध्ये प्रकल्प संपला, शासनाचा उत्साह ओसरला, औषधांची दुकाने पुन्हा गजबजली; २०१०-११ मध्ये जावावर तुडतुड्यांचे संकट परत आले. टिकून राहिली ती शेतीशाळांत शिकलेल्या शेतकऱ्यांनी १९९९ साली उभारलेली स्वतःची संघटना.

यावरून आंतरराष्ट्रीय साहाय्यावर बहिष्कार घालावा असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. ज्ञानाला सीमा नसतात, आणि परकीय संस्थेच्या आधाराने स्वदेशी शास्त्रज्ञाचा आवाज सत्तेपर्यंत पोहोचू शकतो. परंतु संशोधनाचा प्रश्न कोण ठरवतो, निष्पन्न झालेल्या ज्ञानावर व बियाण्यावर मालकी कोणाची, आणि निधी आटल्यावर गावात काय उरते, हे तीन प्रश्न प्रत्येक कराराला विचारलेच पाहिजेत.

महाराष्ट्रातही कृषी खात्याच्या शेतीशाळा याच पद्धतीवर भरतात. जागतिक बँकेच्या कर्जावरील कृषी संजीवनी प्रकल्पातही त्या होत्या. कार्यकर्त्यांनी त्या शाळांच्या बांधावर जावे. तेथे शेतकरी आणि शेतमजूर स्त्रिया स्वतः मोजतात व ठरवतात, की फक्त हजेरीपटावर सह्या करतात, हे पाहावे. जेथे केवळ सह्याच होत असतील, तेथे संघटनेचे काम त्या बांधावरूनच सुरू झाले पाहिजे.