रक्तातले विकर, कारखान्याचा धूर

आपल्या प्रत्येक उच्छ्वासामागे एक विकर, म्हणजेच एन्झाइम, राबत असते: कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज. १९३३ मध्ये मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी ते रक्तात ओळखले. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख कार्बन डायऑक्साइड रेणूंचे पाण्याच्या साह्याने बायकार्बोनेट करू शकतो. मग कारखान्याच्या धुरासाठी ते का वापरू नये? अडचण अशी, की तापलेल्या, क्षारधर्मी द्रावणात ते निकामी होते. २०१४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी जिवाणूच्या विकरात बदल करून १०७ अंश सेल्सिअसला टिकणारा प्रकार घडवला. मला यात आशा दिसते. पण विकर वायू केवळ झटपट पकडते. द्रावण तापवून तो पुन्हा सोडवावा आणि साठवावा लागतो. ती उष्णता कोळसा जाळूनच आणली, तर वाचवले किती, हा हिशेब आधी मांडायला हवा.