माहं नाव काहून नाही?

आम्ही चौघीजणी दर रविवारी आपल्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात चित्रं आणि गोष्टी घेऊन जातो. लोक त्याला सर्रास अनाथाश्रम म्हणतात. पण तिथल्या पुष्कळ मुलांना आई आहे, आजी आहे. घरी सांभाळणं जमत नाही म्हणून बाल कल्याण समितीनं त्यांना तिथं ठेवलेलं असतं.

पहिल्याच दिवशी आम्ही चुकलो. 'आपल्या कुटुंबाचं चित्र काढा' म्हणालो आणि निम्मे कागद कोरे राहिले. मग विचारलं, सकाळी उठल्यावर कानावर काय यायचं? तेव्हा कुठं कोंबडा आला, हापसा आला. कोलामांच्या पोडावरून आलेल्या एका पोरानं चावडी काढली, पण एका झाडाचं कोलामी नाव त्याला आठवेना. आम्हाला कुठलं येतंय! आजी भेटायला आली तेव्हा तिनं सांगितलं. त्यानं ते तीनदा लिहून काढलं.

गोष्टीचंही तसंच. स्वतःबद्दल विचारलं की मुलं गप्प होतात. म्हणून आम्ही बाजारात हरवलेल्या वासराची गोष्ट सुरू केली आणि अर्ध्यावर सोडली. एक म्हणाली, गायीनंच टाकलं त्याला. दुसरा चिडला, घरी चारा नव्हता म्हणून बाजारात आणलं होतं. आम्ही मध्ये बोललो नाही.

पुढं चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा एक अकरा वर्षांची पोर भांडायलाच उठली. "ताई, चित्र माहं, तं माहं नाव काहून नाही?"

खरं कारण कायद्याचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो जाहीर करता येत नाही. (वाढदिवसाला फळं वाटून मुलांसोबतचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या बायांनो, हे तुम्हालाही लागू आहे. आम्हीही इथं खुणा बदलूनच सांगतोय.) २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्या स्वतःच्या नावानिशी बोलल्या. पण त्या मोठ्या, बोलायचं हे त्यांनी ठरवलेलं. लेकराची गोष्ट आपण आज चव्हाट्यावर मांडली, तर मोठेपणी त्याला ती परत घेता येत नाही.

हे पोरीला सांगितलं. पटलं नाही तिला. नाव झाकायचं म्हणजे लाजेचं काही असेल, असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं काय चुकलं?

म्हणून प्रत्येकाला एकेक जाड वही दिली. इंग्लंडमध्ये सामाजिक कार्यकर्त्या मुलांसोबत अशी जीवनकथेची वही करतात. तिच्यात खरं नाव, खरं गाव, आजीचे शब्द, सगळं. वही कपाटात कुलपात राहते, मुलानं मागितली की मिळते आणि बालगृह सोडताना त्याच्यासोबत जाते.

त्या पोरीनं पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं, पुढं आईचं. बापाच्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे. भरायची की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही. आम्हीही विचारत नाही.