मिळवत्या स्त्रीचे साहाय्य



आपल्या मंडळाच्या साहाय्यनिधीतून मदत देताना कुटुंबाचे एकूण उत्पन्न पाहण्याची प्रथा आहे. ती न्याय्य दिसते. परंतु मिळवत्या स्त्रीवर तिचा काय परिणाम होतो, हा विचार मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

अल्प वेतनावर राबणाऱ्या कुटुंबांसाठी अमेरिकेत १९७५ साली एक करसवलत सुरू झाली. काम करणाऱ्यासच ती मिळते. कराहून सवलत अधिक भरल्यास उरलेली रक्कम सरकार रोख देते. मिळकतीबरोबर ती प्रथम वाढते, काही मर्यादेपर्यंत स्थिर राहते आणि पुढे घटत जाऊन बंद होते.

१९८६ साली ही सवलत वाढविण्यात आली. तिचे परिणाम नाडा ईसा व जेफ्री लीबमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली मांडले. एकट्याने मुले वाढविणाऱ्या स्त्रियांपैकी दर शंभरांमागे २.८ पर्यंत अधिक स्त्रिया अर्थार्जनाकडे वळल्या होत्या. दारिद्र्याशी झुंजणाऱ्या घरांना हा मोठाच आधार होय.

विवाहितेची स्थिती निराळी. तेथे पतिपत्नींची मिळकत एकत्र मोजतात. पतीच्या वेतनानेच सवलत उताराला लागलेली असते; पत्नी मिळवू लागली की ती आणखी घटते. ईसा व हिलरी हॉइन्स यांच्या २००४ सालच्या अभ्यासात अल्पशिक्षित विवाहित स्त्रियांचा कामातील सहभाग शंभरांमागे एकाहून अधिक घटल्याचे दिसले. म्हणजे दोन घरांमधील विषमता कमी करणारी योजना एकाच घरातील पतिपत्नींमधील विषमता वाढवू शकते.

आपल्याकडे आयकर व्यक्तिगणिक आकारला जातो. साहाय्याच्या वेळी मात्र कुटुंब मोजले जाते. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये ठरले, ते कौटुंबिक वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याच्या अटीवर. ही योजना कामाशी निगडित नाही. तरी मर्यादेच्या काठावरील घरात सुनेने नोकरी धरावी की नाही, हा हिशेब होणारच.

सुस्थितांच्या घरी निधी जाऊ नये, ही चिंता रास्त आहे. म्हणून अट काढू नये, परंतु स्त्रीने नव्याने मिळविलेले वेतन पहिली दोन वर्षे त्या हिशेबात धरू नये, अशी माझी सूचना आहे. कष्टाला उभी राहिलेली भगिनी आपल्या नियमामुळे घरी बसू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. कार्यकारी मंडळाने याचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.