ल्युसिया हॅरिस : खेळ होता, जागा नव्हती



आज बास्केटबॉलपटू ल्युसिया हॅरिसबद्दल बोलायचे आहे. अमेरिकेतील मिसिसिपीच्या शेतकरी घरातली ही कृष्णवर्णीय मुलगी लहानपणी कापूस वेचायची. डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तिच्या जोरावर १९७५ ते १९७७ सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ पासून होते. स्त्रियांचे आले १९७६ साली. त्यातले पहिले गुण ल्युसियाचे.

१९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिची निवड केली. पुरुषांमध्ये खेळण्यात तिला रस नव्हता. शिवाय ती गरोदर होती. 'आईपणासाठी खेळ सोडला' म्हणून आपण मोकळ्या होतो. पण स्त्रियांची व्यावसायिक लीगच तेव्हा नव्हती! पुढे एक निघाली, ल्युसिया तीत १९७९-८० चा हंगाम खेळली, आणि १९८१ मध्ये ती बंद पडली. टिकाऊ लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली १९९७ साली. तेव्हा ल्युसिया ४२ वर्षांची होती. २०२२ मध्ये ती वारली.

आपल्या वस्तीतली मुलगी खेळ सोडते, तेव्हा 'का सोडलास?' हे तिला विचारण्याआधी स्वतःला विचारू या : तिच्यासाठी मैदान, वेळ आणि पगार कोणी राखून ठेवला होता?