भाटघरच्या पाण्याकाठी लपाछपी

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनच्या रानात एकाने वही-पेन्सिल घातलेली बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग सुरू झालं ते असं! डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, वस्तू उचलली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची. डबा पुरायला मात्र बंदी.

भाटघरला तर ठिकाणंच लपतात. वेळवंडी नदीवरचं धरण १९२८ साली पूर्ण झालं. कांबऱ्याचं जुनं शिवमंदिर याच जलाशयाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळातून त्याच्या भिंती वर येतात. तिथे डबा ठेवणं म्हणजे पावसाळ्यात त्यावर पाणी सोडणंच!

नीरेकाठच्या भोरचा राजवाडा त्यामानाने सोपा, बारमाही कोरडा. फक्त आधी परवानगी हवी.