कपाळावरचा शिक्का

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं शिक्षण सूतगिरणीच्या खात्यात झालं, तेव्हा शब्द मागंपुढं झाले तर सांभाळून घ्या. आज मी नावाविषयी बोलणार आहे. आईबापानं ठेवलेल्या नावाविषयी नव्हे. दुसऱ्यानं चिकटवलेल्या नावाविषयी.

मुंबईत 'घाटी' हा शब्द आपल्यापैकी कुणी ऐकला नाही? घाटी म्हणजे घाटावरचा. शब्दात शिवी नाही. सह्याद्री चढून बघा, वर सगळे घाटीच! पण ज्यांच्या घामावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, त्यांनाच तो नाक मुरडून लावला गेला, म्हणून झोंबला. तरी रस्त्यावरचं नाव एकवेळ परवडतं. हसून परतवता येतं, नाहीतर दोन शब्द सुनावता येतात. भीती आहे ती नाव वहीत चढण्याची. हजेरीच्या वहीत, पोलिसांच्या वहीत. वहीला उलट बोलता येत नाही.

आपल्याच धंद्यातली गोष्ट घ्या. जुन्या साच्याच्या धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साचेखात्यात घ्यायचं नाही, अशी रीत मुंबईच्या गिरण्यांत पडली. साचेखात्यात पगार जास्त. तो त्याला बंद. आणि ही आडकाठी एकट्या मालकाची नव्हती. साच्यावर उभे असलेले आपलेच भाऊ ती राखत होते. १९२८ साली मुंबईत सहा महिने संप चालला, त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. कामगारांची एकी म्हणता, तर साचेखात्याचं दार सगळ्यांना उघडं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मालकाला जाब विचारायला आपल्याला जमतं. हा जाब आपल्याच रांगेला होता, म्हणून तो जड गेला.

आता सोलापूरला चला. इंग्रजानं १८७१ साली कायदा केला आणि अख्ख्या जमातीच 'गुन्हेगार' ठरवल्या. आधी उत्तरेकडे, मग १९११ च्या कायद्यानं आपल्याकडेही. पोर पाळण्यात आहे, त्यानं अजून कुणाची काडी उचललेली नाही, तरी ते गुन्हेगार जमातीचं! मोठ्यांनी पोलिसाकडं हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायचीही त्यात सोय होती.

आणि कोण होती ही माणसं? बंजारा बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ वाहायचा. आगगाडी आली, त्याचा धंदा बुडाला. रामोशी गावाची आणि गडाची राखण करायचा. त्यांच्यातला उमाजी नाईक इंग्रजाविरुद्ध उठला आणि १८३२ साली फासावर गेला. वडार दगड फोडायचा, कैकाडी टोपल्या विणायचा. पोटाचा धंदा आधी गेला, शिक्का मागून आला. हा क्रम ध्यानात ठेवा.

सोलापुरात या लोकांची सेटलमेंट होती. भोवती काटेरी तार. आतली माणसं गिरण्यांत कामाला जात. पाळी सुटली की बाकीचे घरी, हे तारेच्या आत. सूत तेच, भोंगा तोच, पण एकाला म्हणायचं कामगार आणि दुसऱ्याला गुन्हेगार. गिरणीला मात्र असा माणूस सोयीचा. नोकरी सोडून तो जाणार कुठं?

देश १९४७ साली सुटला. मुंबई राज्यानं हा कायदा १९४९ साली काढला आणि साऱ्या देशातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे पंधरा ऑगस्टनंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी! तेव्हापासून या लोकांना विमुक्त म्हणतात. तार गेली, पण सोलापुरात त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

लक्ष्मण गायकवाडांचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. लातूरच्या सूतगिरणीत राबलेला, कामगारांत चळवळ केलेला माणूस. त्यांनी आपली कहाणी लिहिली, तिला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचं नाव त्यांनी काय ठेवलं? 'उचल्या'! जगानं जे कपाळावर मारलं, तेच त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर छापलं. मला त्यात मोठी हिंमत दिसते. पण सगळ्यांना ती कुठून येणार? कित्येक जण आडनाव बदलतात, गाव सांगत नाहीत, घरची बोली पोरांपुढं बोलत नाहीत. चाळीत खोली मिळावी म्हणून माणूस आपल्या आईची भाषा गिळतो. मराठीसाठी कंठशोष करणाऱ्या आपण मंडळींनी हे कधीतरी कान देऊन ऐकावं.

तुम्ही म्हणाल, जुनी मढी कशाला उकरतोस? ऐका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की तुरुंगात जात बघून कामं वाटायची नाहीत, कैद्यांच्या वहीतला जातीचा रकाना काढून टाकायचा. झाडू कुणाच्या हातात, स्वैपाक कुणाच्या हातात, हे तोवर जातीवरून ठरवणारे नियम तुरुंगांच्या पुस्तकांत होते. विमुक्तांना जन्मानं गुन्हेगार समजणं चूक, हेही कोर्टानं त्यात सांगितलं. साचेखात्याचाच नियम, फक्त जागा दुसरी.

आता आपल्या दाराशी या. आमच्या पाळीत एक पारधी समाजाचा बदली कामगार आहे. गेल्या महिन्यात गावात चोरी झाली. त्या रात्री तो रात्रपाळीला माझ्या शेजारच्या मशीनवर उभा होता, हजेरीत नाव आहे. तरी दुसऱ्या दिवशी त्याला घरून उचललं. तीन दिवस बसवून ठेवलं आणि काही न सापडल्यावर सोडलं. परत आला तर वहीत तीन खाडे, वर बदलीच्या यादीत नाव खाली. चोरी पकडली गेली नाही, मजुरी मात्र ह्याची गेली.

काहीजण म्हणाले, पोलिसांच्या भानगडीत युनियननं पडू नये. का पडू नये? कुणा जॉबरच्या भावाला असं उचललं असतं, तर गेटवर किती माणसं जमली असती?

आपलं मागणं साधं आहे. तीन खाडे काढा, तीन रोज द्या, बदलीच्या यादीत त्याचा नंबर होता तिथं लावा. अर्ज लिहून तयार आहे. सही येत नसेल त्यानं अंगठा द्या. सोमवारी पहिली पाळी सुटली की आपण मॅनेजरकडं जाणार. तो आपल्याबरोबर येणार आहे, त्याला मधे घेऊन चला.