उष्टं, खाद्य आणि अंड्याचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात खालापूर तालुक्यातील एका शेतकरी बाईंनी केलेल्या भाषणावरून)



मी खालापूरची. आमच्याकडे भात, तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी. ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथल्या बाईने कोरडवाहूवाल्यांना काय सांगावं, असं मलाही वाटलं. पण कोंबडी दोन्हीकडे तीच, आणि तिचा पैसा दोन्हीकडे बाईच्याच हातात येतो. म्हणून बोलते.

आमच्या गावठी कोंबडीला कुणी कधी खाद्य विकत आणलं नाही. सकाळी खुराडं उघडलं की ती उकिरड्यावर. किडे, वाळवी, गवताचं बी, खळ्यावर सांडलेला भात, वर ताटातलं उष्टं. वर्षाला ५०-६० अंडी द्यायची, मधे खुडूक बसायची. खर्च नाही, म्हणून तोटा नाही. हिला उष्टं घालू नका म्हणणाऱ्याचं मी ऐकणार नाही.

माझी चूक झाली ती पुढे. सुधारित जातीच्या २५ तलंगा आणल्या, मुंगसाच्या भीतीने जाळीत कोंडल्या. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलातून रोज डबाभर भात, पाव, तळलेलं मिळायचं, तेच घातलं. फुकटचं खाद्य म्हणून मी खूश! दोन महिन्यांत अंडी मऊ कवचाची पडू लागली, मग थांबली. काही पायांवर उभ्या राहीनात. मला वाटलं मानमोडी. डॉक्टरांनी मेलेली एक फाडून दाखवली. पोटात नुसती पिवळी चरबी. रोग नव्हता, भरल्या पोटी उपासमार होती.

हिशेब मांडा. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि कवचात २ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे आपल्या बोलीत चुना. १०० ग्रॅम शिजल्या भातात प्रथिनं अडीच ग्रॅम, चुना नावालाच. बाहेर फिरणारी कोंबडी ही तूट किड्यांतून आणि मातीतून भरून काढते. कोंडलेली कुठून काढणार? स्वतःच्या हाडांतून. म्हणून पाय गेले. शिवाय हॉटेलातल्या खाण्यात मीठ. तेही तिला सोसत नाही.

तुमची ज्वारी भातापेक्षा बरी, पण चुना तिच्यातही नाही. बलक फिका येतो, त्याला हिरवा पाला घाला, शेवग्याचा चालतो. दहा किलो खाद्य घरी करायचं तर ज्वारीची भरड साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड अडीच किलो, कोंडा एक किलो, शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा ९०० ग्रॅम, तीसेक ग्रॅम मीठ आणि दुकानातलं क्षार-जीवनसत्त्वांचं मिश्रण. हे अंड्यावरच्या कोंबडीचं. पिलांना एवढा चुना घालू नका, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, ते पचत नाही.

आता तुमच्या घरातली गोष्ट. सरकीची ढेप म्हशीला घालता म्हणून कोंबडीलाही टाकाल, तर साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी आणि पांढरं गुलाबी होतं. गिऱ्हाईक अंडं परत आणून देतं. आणि पावसात काळी पडलेली ज्वारी! माणसाला नको म्हणून कोंबडीला, असं आपण करतो. बुरशीचं विष उकळूनही जात नाही. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले. दहा कोंबड्या गेल्या तर त्याची नोंदही कुणी घेणार नाही.

मग सगळं खाद्य विकतच आणायचं का? कोंडलेली कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते, वर्षाला ४० किलो. तिने १२० अंडी दिली तर एका अंड्यामागे किलोचा तिसरा हिस्सा. पोल्ट्रीवाल्याची कोंबडी ३०० देते, त्याला दीडशे ग्रॅमही लागत नाही. त्याच्याशी भावात आपण टिकणार नाही. म्हणून मी जाळी दिवसा उघडली. दिवसभर त्या फिरतात, घरचं उष्टं खातात, संध्याकाळी आत येताना चाळीस-पन्नास ग्रॅम भरड आणि शेजारी शिंपल्यांच्या चुऱ्याची वाटी. मुंगसाने दोन नेल्या. बाकीच्या अंड्यावर आहेत.